ग्राफिक डिझायनर व्हायचंय? सुरुवात शाळेतच करा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी चित्रकलेचे सर किंवा बाई वर्गात येऊन विचारतात, "यंदा एलिमेंटरीला कोण कोण बसणार?" हात वर होतात, अर्ज भरले जातात. त्याच वर्गातल्या काही मुलामुलींची मोबाइलवर आणखी एक खटपट चालू असते. मैत्रिणीच्या वाढदिवसाचा बॅनर, गल्लीतल्या क्रिकेट संघाचा लोगो, मंडळाच्या कार्यक्रमाची पोस्ट. एलिमेंटरी या रेखाकला परीक्षेचा सराव आणि ही खटपट यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे परीक्षा संपली की रंगपेटी कपाटात जाते आणि मोबाइलवरचं काम तयार साच्यांत नावं बदलण्यापुरतं उरतं.

हा लेख आठवी ते दहावीच्या अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. माझं सांगणं थोडक्यात असं, की या वयात सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी डोळा, हात आणि आपल्या लिपीतलं अक्षर तयार करा आणि केलेलं काम शाळेच्या भिंतीवर खऱ्या वाचणाऱ्यांसमोर लावा. चित्र स्वतःच्या आनंदासाठी काढता येतं. ग्राफिक डिझाइनमध्ये मात्र समोर कुणीतरी वाचणारा असतो, त्याला काहीतरी कळायला हवं असतं आणि तो घाईत असतो. शाळेत असे वाचणारे शेकड्यांनी भेटतात. कॉलेजात गेल्यावर ते शोधावे लागतात.

आधी परीक्षेबद्दल. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षांकडे बरेच पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाहतात. ते गुण बोटांवर मोजण्याइतके असतात आणि मिळाले तर चांगलंच. पण परीक्षेचा खरा उपयोग तिच्या विषयांत आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असतं. इंटरमिजिएटला स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. बारावीनंतर बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची जी सीईटी होते, तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र याच प्रात्यक्षिकांना महत्त्व आहे. म्हणजे आठवीत ज्याचा कंटाळा केलात, तेच चार वर्षांनी पुन्हा समोर येतं.

वस्तुचित्रात रंगापेक्षा प्रमाण मोठं. हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर तांब्याची उंची आणि रुंदी मोजायची सवय लावा. तांब्या नजरेच्या पातळीखाली ठेवलेला असेल, तर तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि तळाचा लंबगोल त्याहून फुगीर. बरीच मुलं तळ सरळ रेघेने काढतात आणि मग तो तांब्या टेबलावर टेकलेला वाटतच नाही. दोन वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकारही पाहायला शिका. कपबशी आणि पुस्तक यांच्यामधली ती फट नीट काढलीत, तर दोन्ही वस्तू आपोआप जागेवर बसतात. पुढे पानावर मजकूर आणि चित्र मांडताना हीच नजर लागते, कारण पानावरची कोरी जागासुद्धा एक आकारच असते.

स्मरणचित्राला मुलं पाठ करून जातात, हे मला फार खटकतं. बाजार, बसस्थानक, विसर्जन मिरवणूक अशी ठरावीक चित्रं घोकायची आणि विषय कुठलाही आला तरी त्यातलंच एक उतरवायचं. त्याऐवजी खिशात मावेल अशी छोटी वही घ्या आणि एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना माणसं काढा. एका माणसाला दोन-तीन मिनिटं पुरतात. ओझं उचललेल्या बाईची पाठ कशी वाकते, कंडक्टर एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकिटं कशी देतो, हे एकदा डोळ्याने टिपलं की परीक्षेत पाठांतराची गरज उरत नाही. गर्दी काढताना एक नियम उपयोगी पडतो. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी जवळपास एकाच आडव्या रेघेवर येतात. लांबच्या माणसाचं डोकं त्याच रेघेवर राहतं, त्याचे पाय वर सरकतात. एवढं समजलं तरी चित्रातली माणसं हवेत तरंगत नाहीत.

संकल्पचित्रात दिलेल्या आकारात नक्षी बसवायची असते. इथे पोस्टर कलर सपाट भरता येणं ही मोठी कसोटी. रंग पातळ झाला की डाग पडतात, घट्ट झाला की ब्रश ओढला जातो. जाडसर ताकाइतका झाला की तो कागदावर एकसारखा बसतो. एक रंग पूर्ण वाळल्याशिवाय शेजारचा भरू नका. रंगसंगतीसाठी आधी टाकाऊ कागदावर छोटे चौकोन रंगवून शेजारी शेजारी ठेवून पाहा. आणि नक्षी म्हणजे फक्त फुलं-पानं, ही समजूत सोडा. सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते. प्रत्येक अवताराची खूण वेगळी आणि खेळणाऱ्याला पत्ता हातात येताच तो कुठल्या संचातला किती क्रमांकाचा हे एका नजरेत कळायला हवं. इतकी सुंदर चित्रं आणि तरी शिस्त एवढी पक्की. आज मोबाइलच्या पडद्यावरच्या चिन्हांचा संच आखणारे डिझायनर नेमकं हेच काम करतात. सावंतवाडीच्या बाजूला गेलात, तर राजवाड्यात ही कला बघायला जरूर जा.

भूमितीचं फार सांगत नाही. कंपासपेटी स्वच्छ ठेवा, पेन्सिलीला बारीक टोक ठेवा, स्पर्शबिंदू अचूक काढा. लोगो आखताना वर्तुळांची सांधेजोड कुठे करायची, हे ज्याला कर्तव्यभूमिती येते त्याला चटकन दिसतं.

आता अक्षरलेखन. परीक्षेत ते भूमितीच्या पेपरला शेवटी चिकटवल्यासारखं येतं, म्हणून मुलं त्याला शेवटची दहा-पंधरा मिनिटं देतात. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला ग्राफिक डिझाइनला सगळ्यांत जवळचा भाग हाच आहे. तुमचं बरंचसं काम शब्दांचं असणार आहे आणि महाराष्ट्रात किंवा गोव्यात ते देवनागरीतही असणार आहे. रोमन लिपीचं शिक्षण कॉलेजात आणि इंटरनेटवर भरपूर मिळतं. देवनागरीकडे लक्षपूर्वक पाहणारे मात्र अजूनही कमी आहेत. त्यामुळे जो विद्यार्थी शाळेतच आपली लिपी हाताने लिहायला शिकतो, त्याचं काम पुढे गर्दीतही उठून दिसतं.

सुरुवात अगदी साध्या साधनांनी होते. दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधा आणि त्यांनी अ, क, म, ल लिहा. दोन टोकांमधली जागा कुठे रुंद होते आणि कुठे अरुंद, ते पाहून अक्षराची जाड-बारीक वळणं कशी येतात हे कळतं. मग आइस्क्रीमची काडी तिरकी कापून शाईत बुडवा किंवा बोरू मिळवा. देवनागरीसाठी टाकाचा काप रोमनच्या उलट बाजूला असतो. बाजारात मिळणारी कॅलिग्राफीची बहुतेक निबं रोमनसाठी असल्यामुळे त्यांनी मराठी अक्षर बेंगरूळ येतं आणि मुलांना वाटतं की आपलाच हात वाईट. तो निबाचा दोष असतो. विकत घेताना दुकानदाराला देवनागरीचं निब आहे का, असं स्पष्ट विचारा.

मग अंतर. पट्टीने प्रत्येक अक्षरामध्ये सारखी जागा सोडलीत, तर शब्द उलट विस्कळीत दिसतो. 'मन'मध्ये काना असलेली अक्षरं शेजारी शेजारी येतात, तिथे जागा थोडी जास्त लागते. 'टद'सारख्या गोलसर अक्षरांच्या खाली आधीच मोकळीक असते, ती जवळ घ्यावी लागतात. हे डोळ्यानेच जुळवायचं असतं. कागद उलटा धरून पाहिलात, तर अर्थ बाजूला पडतो आणि काळ्या-पांढऱ्या जागा तेवढ्या दिसतात. ओळींमधलं अंतरही देवनागरीत रोमनपेक्षा जास्त ठेवावं लागतं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार, मात्रा यांची टक्कर झाली, की वाचणारा अडखळतो. आपल्याकडे मोठ्या लिपीतली अक्षरं नाहीत, त्यामुळे महत्त्वाचा शब्द उठावदार करायचा तर आकार, जाडी, रंग आणि जागा एवढीच साधनं हाताशी आहेत. त्यांचा वापर विचारपूर्वक करावा लागतो.

आणि ल, श. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. संगणकावरच्या अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि मराठी शाळेच्या फलकावर ती जशीच्या तशी चढतात. तुम्ही हाताने लिहिताना तरी आपलंच वळण गिरवा. पुढे संगणकावर काम कराल तेव्हा काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, की मराठी वळणाची अक्षरं पुढे येतात हे लक्षात ठेवा.

पाहण्यासाठी मोठी माणसं आपल्याकडे आहेत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी काढली, की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या छोट्याशा चौकटीत नुसत्या अक्षरांवरून नाटकाची जातकुळी कळावी. र. कृ. जोशी कवी होते, जाहिरातक्षेत्रात होते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत. विंडोजवर मराठी लिहिताना अनेकांची पहिली गाठ ज्या 'मंगल' फाँटशी पडली, तो त्यांनी घडवला. अच्युत पालव यांची सुलेखनाची प्रात्यक्षिकं जागोजागी होतात. तुमच्या शहरात कधी झालं, तर पुढच्या रांगेत बसा आणि त्यांच्या मनगटाकडे पाहा. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची सजावट जुन्या ग्रंथालयात सापडेल. ग्रंथपालांना विनंती करा, जुने अंक काढून देतात. आणि गावात एखादा पाट्या रंगवणारा पेंटर अजून काम करत असेल, तर त्याच्यासारखा शिक्षक नाही. खडू लावलेली दोरी ताणून, आपटून तो सरळ रेघ कशी उमटवतो, शब्द लिहायच्या आधी मधलं अक्षर कुठे येणार हे कसं अंदाजतो, हे तासभर उभं राहून बघण्यासारखं असतं.

हे शिकलेलं लावायचं कुठे? शाळेच्या फलकावर. प्रवेशद्वाराजवळचा तो काळा फळा, ज्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहितात, तो तुमच्या चित्रकलेच्या सरांकडून मागून घ्या. आठवड्यातून एक दिवस तरी. तुमच्यासारखे आणखी तीन-चार जण मिळाले, तर आळीपाळीने करा.

एक उदाहरण घेऊ. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, शनिवारी, सकाळी नऊ वाजता, सभागृहात. नेहमी काय होतं? आधी चारही बाजूंनी वेलबुट्टी काढली जाते. मग वर 'भव्य विज्ञान प्रदर्शन' अशी मोठी ओळ, प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात. मधे परीक्षानळी, बल्ब, रॉकेट, झाड, पृथ्वी, सगळं. शेवटी जागा उरत नाही म्हणून वार आणि वेळ खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. आणि नेमकी हीच माहिती वाचणाऱ्याला हवी असते.

त्याऐवजी आधी वहीत मजकूर लिहून काढा आणि महत्त्वानुसार आकडे घाला. पहिलं, काय आहे. दुसरं, कधी. तिसरं, कुठे. बाकी सगळं नंतर. मग आगपेटीएवढ्या आठ-दहा चौकटी आखून त्यात नुसते ठोकळे मांडून पाहा, मोठा ठोकळा कुठे, लहान कुठे, चित्र कुठे. पहिल्या दोन-तीन मांडण्या सगळ्यांना सुचतात त्याच असतात. खरी गंमत पाचव्या-सहाव्या चौकटीपासून सुरू होते, म्हणून तिथपर्यंत जा. चित्र एकच निवडा. समजा, फक्त एक बल्ब, आणि त्याच्या आतली तार 'शनिवार, सकाळी ९' या अक्षरांनी केलेली. आता वेळ लक्षात न राहण्याची शक्यताच कमी.

दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर साधारण इंचभर उंच लागतं. फलक किती लांबून वाचला जाणार ते मोजा आणि त्या हिशेबाने अक्षर ठरवा. झाल्यावर मोबाइलने फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. रंग काढून घेतल्यावरही अक्षरं पार्श्वभूमीपासून सुटी दिसली पाहिजेत. लाल आणि हिरव्या खडूतला फरक ज्यांना ओळखता येत नाही, अशी मुलं शाळेत असू शकतात. फलक त्यांच्याही वाचण्यासाठी आहे. मग सुट्टीत जरा बाजूला उभे राहा. मुलं थांबतात का, कुठे अडखळतात, पाचवीतल्या एखाद्याला विचारलं तर वेळ सांगता येते का, हे पाहा. ही चाचणी कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा तुम्हाला जास्त शिकवेल. चूक दिसली तर पुसून पुन्हा लिहिता येतं, फळ्याचा हा मोठा गुण आहे.

फलकानंतर शाळेचं हस्तलिखित हाती घ्या. पाठ्यपुस्तकाचं एखादं पान पट्टीने मोजून पाहा, चारही समास किती आहेत, मथळा मजकुरापासून किती दूर आहे. बांधणीच्या बाजूला समास जास्त लागतो, नाहीतर शब्द आत गडप होतात. कागद दुमडून मधोमध पिना मारायची पुस्तिका करणार असाल, तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. हे चार कागद दुमडून, पानांवर आकडे घालून स्वतः करून पाहा, एकदा कळलं की कायमचं कळतं. कार्यक्रमपत्रिका, स्नेहसंमेलनाची तिकिटं, वाचनालयाच्या कपाटांवरच्या विषयांच्या पट्ट्या, प्रयोगशाळेतल्या सूचना, स्वच्छतागृहाच्या पाट्या. मागितलं तर शाळेत काम भरपूर आहे. मुख्याध्यापकांकडे जाताना जुन्या पाटीचा फोटो आणि तुमचं नवीन कच्चं चित्र दोन्ही घेऊन जा. नुसतं सांगण्यापेक्षा दाखवलेलं लवकर पटतं.

गावातल्या छापखान्यात एकदा तरी जा. वेळ मागून, गर्दीच्या दिवसांत नको, लग्नसराईत तर नकोच. छपाईसाठी साधारणपणे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया वापरतात. घरच्या वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरा, हे चार रंगांचे ठिपके वेगवेगळे दिसतील. मोबाइलचा पडदा मात्र लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. म्हणून पडद्यावर झगमगणारा हिरवा कागदावर मंद उतरतो, आणि यात छापखान्याची काही चूक नसते. छपाईसाठी चित्र दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने तयार करावं, आणि कडेपर्यंत रंग जाणार असेल तर कापण्यासाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडावं, हे तिथले कारागीर तुम्हाला जास्त चांगलं समजावतील.

आता संगणक. तो नको असं मी म्हणत नाही, फक्त त्याची पाळी दुसरी. वहीत मांडणी ठरली की मगच यंत्र सुरू करा. शिकण्यासाठी महागडी सॉफ्टवेअर लागत नाहीत आणि चोरीची प्रत तर मुळीच वापरू नका. आकृत्या आणि लोगोसाठी इंकस्केप, रंगवण्यासाठी क्रिता, फोटोसाठी गिंप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस, ही सगळी मोफत आणि कायदेशीर आहेत. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्ता', तसंच 'तिरो देवनागरी मराठी' हे मोफत वापरता येणारे चांगले फाँट गूगल फाँट्सवर आहेत. मराठी मजकूर लावताना अक्षरांमधलं अंतर सॉफ्टवेअरने ताणू नका, शिरोरेखा तुटते. अक्षर रुंदीत खेचू नका, उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात. एका कामाला दोनच फाँट पुरतात.

इंटरनेटवरचं चित्र उचलून पोस्टरवर टाकणं ही सवय याच वयात मोडली, तर पुढे त्रास होत नाही. कुणीतरी काढलेलं, कुणीतरी टिपलेलं असतं ते. संदर्भासाठी फोटो लागला तर स्वतः काढा, मित्राला पोझ द्यायला लावा. कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात चित्र बनवून देणारी साधनं आता सगळ्यांच्या हातात आहेत. ती कशी चालतात हे कुतूहलाने पाहा, पण शाळेतल्या कामासाठी ती नकोत. या वयात उपयोगाचं असतं ते करताना हातात आणि डोळ्यात साठणारं शहाणपण, आणि ते दुसऱ्याने केलेल्या चित्रातून येत नाही. अक्षरांची वळणं, जोडाक्षरं, वेलांट्या नीट आहेत का, हे तपासायची नजरही हाताने लिहिलेल्यालाच येते.

चांगली कामं पाहताना त्यात काय आहे यापेक्षा काय काढून टाकलंय याकडे लक्ष द्या. स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलं. गांधीजींचा चेहरा नाही, काठी नाही, झाडू नाही, फक्त चष्मा. एका काचेत 'स्वच्छ', दुसरीत 'भारत', मधला दांडा तिरंगी. २०१० मध्ये स्वीकारलेल्या रुपयाच्या चिन्हात डी. उदयकुमार यांनी देवनागरी र घेतला, त्यालाच दुसरी आडवी रेघ दिली, आणि त्यात रोमन 'आर'ही दिसतो. याच धर्तीवर आठवड्याला एक अभ्यास करा. तुमच्या शाळेच्या, गावच्या वाचनालयाच्या किंवा मावशीच्या खानावळीच्या नावातलं एकच अक्षर घेऊन त्यात त्या जागेची एक खूण बसवा. काळ्या शाईने, रंग न वापरता, आणि नखाएवढं लहान केलं तरी ओळखू येईल असं.

दहावीनंतरचे रस्ते बरेच आहेत. लगेच कलेकडे वळायचं असेल, तर फाउंडेशनचा वर्षभराचा अभ्यासक्रम. बारावी करून जायचं असेल, तर बी.एफ.ए.मध्ये उपयोजित कला हा विषय, चार वर्षांचा. मुंबईची सर ज. जी. (जे. जे.) कला शाळा १८५७ ची. तिथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये वि. ना. आडारकरांच्या नेतृत्वाखाली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच वाचा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय कला महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव, गोव्यात पणजीच्या आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय. दुसरा रस्ता बी.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदवीचा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आहे, तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. आयआयटी मुंबईत आयडीसी १९६९ पासून आहे आणि पदवीच्या प्रवेशासाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबईच घेते. तिचा एक भाग संगणकावर, तर दुसरा हाताने रेखाटून द्यायचा.

यूसीडला आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेला बारावीची कुठलीही शाखा चालते. म्हणून 'डिझाइनला जायचंय, मग सायन्स घ्यावंच लागेल' किंवा 'मग आर्ट्सच घ्यायचं' या दोन्ही सल्ल्यांना घाबरू नका. ज्या विषयांत मन लागेल ती शाखा घ्या. पण गणिताशी फारकत घेऊ नका, यूसीडमध्ये आकडेमोड आणि आकारांचं तर्कशास्त्र तपासलं जातं. वास्तुरचनेचा, म्हणजे आर्किटेक्चरचा विचार डोक्यात असेल, तर मात्र बारावीला गणित हवंच, ते दहावीच्या निकालाआधी ठरवा. सीबीएसईच्या शाळांत असाल तर अकरावी-बारावीला उपयोजित कला हा स्वतंत्र विषय घेता येतो, तुमच्या शाळेत आहे का ते विचारा.

पालकांना एकच सांगेन. पोरगं चित्र काढत बसतं म्हणजे अभ्यास टाळतंय, असं पाहू नका. औषधाच्या वेष्टनावरची मात्रा आजीला वाचता येते की नाही, मतपत्रिकेवरचं चिन्ह ओळखू येतं की नाही, रेल्वे स्थानकावर चुकीच्या फलाटावर जायची पाळी येते की नाही, हे कुणीतरी डिझाइन केलेलं असतं. हे जबाबदारीचं काम आहे आणि वर्तमानपत्रं, प्रकाशनं, जाहिरात, वेष्टनं, ॲप, ॲनिमेशन, सगळीकडे त्यासाठी माणसं लागतात. महागड्या रंगपेट्यांऐवजी चांगला कार्ट्रिज कागद, २बी-४बी पेन्सिली, दोन चांगले ब्रश आणि भरपूर वेळ द्या. आणि क्लासला घालण्याआधी तिथे मुलांना दुसऱ्याची चित्रं उतरवायला लावतात की समोरची वस्तू पाहून काढायला, एवढं तासभर बसून बघा.

शेवटी, केलेलं जपून ठेवा. फक्त सुबक झालेलं नाही, त्यामागच्या आगपेटीएवढ्या चौकटी, खोडलेल्या मांडण्या, फसलेली अक्षरंही. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख आणि ते कशासाठी केलं हे दोन ओळींत लिहा. फलक पुसला जायच्या आधी त्याचा फोटो काढा, समोरून, सरळ, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. मुलाखतीला किंवा स्टुडिओ चाचणीला बोलावलं, की समोरचे शिक्षक नेमकं हेच विचारतात, "हे असं का केलंस? आधी काय करून पाहिलंस?" तेव्हा ए-३ आकाराच्या साध्या फाइलमध्ये तुमच्या तीन वर्षांच्या फलकांचे फोटो आणि त्यांच्या मागच्या कच्च्या चौकटी लावलेल्या असल्या, तर उत्तर तोंडाने थोडंच द्यावं लागेल.